फ्रेंच राजमातेची गोष्ट आणि तीन वर्षांचा घोळ

ऑटोमन जनानखान्यातली ती ‘फ्रेंच राजमाता’ पुन्हा फॉरवर्ड होत फिरतेय. मार्टिनिक बेटावरची एमे द्यु बुक द रिव्हेरी, म्हणजे नेपोलियनच्या जोसेफिनची नात्यातली बहीण, चाच्यांच्या हाती लागते, इस्तंबूलला पोचते आणि नक्शीदिल या नावाने सुलतान दुसऱ्या महमूदची आई होते.

गोष्ट झकास आहे. पण एमे समुद्रात बेपत्ता झाली १७८८ मध्ये आणि महमूद जन्मला २० जुलै १७८५ रोजी. म्हणजे पोरगा तीन वर्षांचा झाल्यावर आई पकडली गेली! यातून सुटायला मग गोष्ट सांगणारे जहाजाचं सालच मागे ओढतात.

अशा दंतकथांना जागा मिळते, कारण या बायकांचं माहेर कागदावर येतच नसे. वाड्यात आल्या की धर्म नवा आणि नावही नवं, बहुतेकदा फारसी. नक्शीदिल म्हणजे मनावरची नक्षी. सुलतान सुलेमानची बेगम हुर्रम, तिचं नाव म्हणजे आपल्याला शाहजहानमुळे ठाऊक असलेलं ‘खुर्रम’च. वक्फनाम्यात, म्हणजे धर्मादाय दानपत्रात, ‘बिंत अब्दुल्ला’ (अब्दुल्लाची मुलगी) दिसलं की लोक समजतात, बापाचं नाव सापडलं. तसं नाही. अब्दुल्ला म्हणजे देवाचा दास. धर्म बदललेल्याच्या बापाच्या नावाच्या जागी तेच लिहीत.

मोकळ्या जागेत मग जो तो आपली मुलगी बसवतो. सुलतान तिसऱ्या मुरादची आई नूरबानू, तिच्यावर व्हेनिसच्या व्हेनिएर घराण्याचाही दावा आणि कॉर्फूच्या ग्रीकांचाही. सुलतानाची आई ‘आपली’ निघाली तर व्हेनिसच्या राजदूताला ते नको कशाला असेल? पुढे नूरबानूशी जोडलेलं ‘बाफो’ हे आडनाव तिच्या सुनेला, साफियेलाही चिकटलं, आणि सासू-सुनेची सरमिसळ आजही चालू आहे. साफिये मुळात अल्बेनियाची. हुर्रम रुथेनियाची, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनकडची, एवढं पक्कं. तिचं ‘अनास्तासिया’ हे नाव मात्र बरंच नंतरचं.

म्हणून असा फॉरवर्ड आला की आधी मुलाची जन्मतारीख आणि आईच्या अपहरणाची तारीख शेजारी शेजारी लिहा. मग दावा पहिल्यांदा कोणी केला आणि त्याला त्यातून काय मिळत होतं, ते बघा. सुलतानाच्या घरात फ्रेंच राजकन्या असल्याची कथा तर एमे जन्मायच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली होती.

मला सगळ्यात खटकतं ते महमूदच्या सुधारणांचं श्रेय ‘फ्रेंच संस्कारांना’ देणं. नक्शीदिल वारली १८१७ मध्ये. सुधारणांच्या आड येणारी जानिसारी ही जुनी पायदळ फौज महमूदने मोडली १८२६ मध्ये, पूर्ण नऊ वर्षांनी.