धक्कास्टार्टचा फॉरवर्ड आणि दाजींचा वाकलेला रॉड

‘पुराचं पाणी इंजिनात गेलं? घाबरू नका, शून्य खर्चात गाडी सुरू करा!’ हा मेसेज दर पावसाळ्यात गवतासारखा उगवतो. त्यात पाच उपाय आहेत. गाडी तिसऱ्या गियरमध्ये टाकून ढकला, पाणी सायलेन्सरमधून निघून जाईल. ऑइलऐवजी रॉकेल घालून इंजिन दहा मिनिटं चालवा. प्लग काढून गॅसवर तापवा. दोन दिवस उन्हात ठेवा. आणि काही झालंच तर इन्शुरन्स आहेच.

इतकी वर्षं मी तो वाचून पुढे सरकत होतो. गेल्या आठवड्यात दाजींनी तो वाचला. गल्लीत पाणी शिरून त्यांची डिझेल गाडी रात्रभर बॉनेटपर्यंत बुडाली होती. मला फोन आला तेव्हा मागून पोरांचा ‘हैश्शा’ ऐकू येत होता. “तिसरा टाकलाय रे, होतीय बघ आता,” दाजी म्हणाले. मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत टक् असा आवाज आला आणि पुढची चाकं जागच्या जागी घसरली.

तर आधी त्या धक्क्याचंच बघू. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एवढं एक वाक्य कळलं असतं तर हा मेसेज कुणी लिहिलाच नसता. पिस्टन दाब द्यायला वर येतो तेव्हा हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे सगळे व्हॉल्व्ह बंद असतात. मग पाणी सायलेन्सरकडे जाणार कुठल्या वाटेने? दाजींचं इंजिन १२४८ सीसीचं, चार सिलिंडरचं, काँप्रेशन रेशो १७.६. म्हणजे पिस्टन अगदी वर असताना त्याच्या डोक्यावर जेमतेम १९ मिली जागा उरते. खोकल्याच्या औषधाची दहा मिलीची टोपी दोनदा भरा, तेवढं पाणी एका सिलिंडरमध्ये असलं की पिस्टन वरपर्यंत जाऊच शकत नाही. ११० सीसीच्या दुचाकीला तर १२ मिलीच्या आसपास पुरतं. स्टार्टर मारूनही पिस्टनला इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी जोडणारा रॉड वाकतो, पण ढकलताना हजार किलोच्या गाडीचा सगळा रेटा त्या एका कनेक्टिंग रॉडवर येतो. दाजींचा तिसऱ्या सिलिंडरचा वाकला. इंजिनाचं वरचं हेड आणि खालचं चेंबर, म्हणजे ऑइल साठतं ते पात्र, उतरवल्यावर दिसला.

‘पण आमची सुरू झाली ना!’ असं सांगणारे प्रत्येक ग्रुपमध्ये दोघं-तिघं असतात. होते सुरू, खोटं नाही. रॉड थोडा वाकला तरी इंजिन चालतं, जरा ठोकतं एवढंच. मग कधीतरी हायवेवर तो रॉड तुटतो आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. तोवर पूर कुणाच्या लक्षात नसतो. लोक म्हणतात, गाडीच बेकार निघाली.

मेसेजमध्ये पुढे एक रत्न आहे: ‘गियरलेस स्कूटर असेल तर उतारावरून सोडा.’ अहो, त्या स्कूटरचा क्लच इंजिन फिरल्याशिवाय लागतच नाही. चाक फिरवून तिचं इंजिन फिरत नाही. उतारावरून सोडली तर ती खाली जाईल, बस्स.

रॉकेलची गोष्ट अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर मी मित्राच्या गॅरेजात महिनाभर हाताखाली होतो, आणि आम्ही इंजिनं डिझेलनेच धुतली. पण कशी? आधी ड्रेन नट काढून दुधाळ चहासारखं झालेलं ऑइल सोडायचं, डिझेल घालून इंजिन हाताने फिरवायचं, तेही सोडायचं, मग नवीन ऑइल. ते थोडं चालवून पुन्हा बदलायचं, कधी तिसऱ्यांदाही. ऑइलच्या जागी रॉकेल घालून इंजिन चालवायचं नसतं. त्याला बेअरिंग सांभाळण्याइतका चिकटपणा नाही. शिवाय पाणी ऑइलपेक्षा जड, ते चेंबरच्या तळाशी बसतं, आणि ऑइल पंपाची जाळीही तिथेच असते. म्हणजे इंजिन सुरू केलं की बेअरिंगला पहिला घोट गाळासकट पुराच्या पाण्याचा मिळतो.

उन्हाचं काय बोलायचं! बंद इंजिनातलं पाणी उन्हाने उडत नाही. दोन दिवसांत सिलिंडर गंजायला लागतो, पिस्टनच्या रिंगा गंजून धरतात. आणि पुराच्या दिवसांत ऊन आणायचं कुठून?

आता ‘इन्शुरन्स आहेच’. दाजींना सगळ्यात जास्त झोंबलेलं हेच. नुसता थर्ड पार्टी असेल तर विषयच संपला. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या विम्यात, पूर येतो, हे खरं. पण तिचं पुस्तक उघडून शर्तींचं पान वाचा. गाडी बिघडल्यावर नुकसान वाढू नये म्हणून योग्य काळजी घ्यायची, आणि दुरुस्तीआधी गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर, असं तिथे आहे. परिणामी होणारं नुकसान आणि यांत्रिक बिघाडही वगळलेले असतात. बुडालेल्या सीटचे पैसे मिळतील. धक्का मारून वाकवलेल्या रॉडवर मात्र बोट ठेवलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर असतं, आणि त्याच्याही अटी असतात. सर्व्हेअरने दाजींना पहिला प्रश्न हाच विचारला: “पाणी गेल्यावर सुरू करायचा प्रयत्न केला होता का?” गल्लीतली आठ पोरं साक्षीला होती.

प्लग काढा, हे मेसेजमधलं एकमेव शहाणं वाक्य, पण तापवायला नाही. प्लगच्या भोकातून पाणी बाहेर यावं म्हणून काढायचे, आणि मग इंजिन हाताने हळू फिरवायचं. त्याआधी बॅटरीची मायनस वायर सोडायची, एअर फिल्टर उघडून बघायचा, ऑइलची पट्टी काढून रंग बघायचा. डिझेलला स्पार्क प्लगच नसतो. इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढावे लागतात. ते मिस्त्रीचं काम, अंगणात जमत नाही. मिस्त्रीकडे नेताना टोचन लावणार असाल तर गियर न्यूट्रलला आहे ना, ते दोनदा बघा. गियरमध्ये राहिली तर ते टोचन म्हणजे दोन किलोमीटर लांबीचा धक्काच. ऑटोमॅटिक असेल तर सरळ उचलणारी गाडी बोलवा.