खुब्याचं हाड ‘वजन बांधून’ जुळतं? खुलासा

‘सत्तरीनंतर खुबा मोडला तर ऑपरेशन नको, पायाला वजन बांधून सहा आठवडे झोपवलं की हाड जुळतं,’ असा मेसेज फिरतोय. मांडीच्या हाडाची मान (खुब्यात बसणाऱ्या वरच्या गोळ्याखालचा अरुंद भाग) मोडून सरकली असेल, तर हा सल्ला घातक आहे.

ही मान सांध्याच्या आवरणाच्या आत असते. वरच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मानेला चिकटूनच वर जातात. तुकडे सरकले की त्या फाटतात. इतर हाडांभोवती जुळताना नवं हाड धरतं, तसं इथे बाहेरून धरत नाही. म्हणून मान जुळत नाही, किंवा जुळूनही गोळा पुढे मरतो. मानेच्या खालचं, आवरणाबाहेरचं फ्रॅक्चर वजनावर जुळू शकतं. गोंधळ बहुधा तिथूनच आला असावा. पण तिथेही आठवडेच्या आठवडे पडून राहिल्याने न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हाताऱ्या माणसाचा जीव यातच जातो.

वय जास्त आणि तुकडे सरकलेले असतील तर सहसा कृत्रिम गोळा किंवा पूर्ण सांधा बसवतात, शक्यतो ३६ ते ४८ तासांत, आणि बहुतेकांना दुसऱ्या दिवशी उभं करतात. तरुणांत स्क्रूने मूळ गोळा वाचवायचा प्रयत्न होतो.

‘चालता येतंय, म्हणजे मोडलं नाही’ हेही खोटं. तुकडे एकमेकांत रुतले असतील तर रुग्ण लंगडत चालतो. दुखतं जांघेत, कधी नुसतं गुडघ्यात. एक्स-रे साफ आला तरी पडल्यानंतर दुखणं कायम असेल तर एमआरआय करा. तोवर चालवू नका, चोळू तर मुळीच नका.