पडक्या घराला १० पैकी ६

माझ्या पडक्या घराला शाळेत १० पैकी ६ गुण मिळाले. घर माझं, शाळा शेजारच्या नानांच्या नातवाची, आणि शेरा लाल शाईत, बाईंच्या वळणदार अक्षरात: 'नीटनेटकेपणा हवा. भिंत पूर्ण करावी.'

शाळा सोडून मला जमाना झाला. मी कुठल्याही परीक्षेला बसले नव्हते. तरी ते गेलेले चार गुण डोक्यातून जात नाहीत. भाजी चिरतानाही मनात तेच, नेमके कुठे कापले असतील?

थोडक्यात सांगायचं तर मी टेबलावर मांडायच्या युद्धखेळांसाठी घरं बनवते. २८ मिलिमीटर उंचीची माणसं फाशांच्या जोरावर एकमेकांवर चालून जातात, आणि त्यांना लपायला, चढायला, आडोसा घ्यायला काहीतरी लागतं. ते काहीतरी विकतही मिळतं. मी ते फोम, पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या आणि फेविकॉल यांतून घरीच करते. खेळाचे नियम इथे समजावत बसत नाही. घरच्यांना समजावून पाहिले आहेत. दुसऱ्या नियमाला लोकांना अचानक महत्त्वाचे फोन आठवतात.

पडकं घर म्हणजे अर्धवट टाकलेलं काम, असं बघणाऱ्याला वाटतं. उलट आहे. पडकं घर आधी अख्खं बांधावं लागतं, निदान मनात तरी. आधी छप्पर गेलं की आधी भिंत, तुळई कुठल्या अंगाला कलली, वरचा मजला कशावर तगून राहिला, हे ठरल्याशिवाय ब्लेड लावता येत नाही. फुटलेली कड कापायची नसते, हाताने तोडायची असते. कापलेली लगेच ओळखू येते. आणि भिंतीतून जेवढं पडलं तेवढं खाली सापडायला हवं. भगदाड हत्ती जाईल एवढं आणि पायाशी चार खडे, असं झालं की बाकीचे दगड गेले कुठे? मी फोमचे बारीक बारीक दगड कापून चिमट्याने एकेक चिकटवले.

दगडाचा खडबडीतपणा आणायला अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा चुरगळून गोळा करायचा आणि तो फोमवर दाबत फिरवायचा. मग काळ्या रंगात फेविकॉल कालवून पहिला हात. तो वाळला की गडद राखाडी, त्यावर फिका राखाडी, आणि शेवटी जवळजवळ पांढरा, तोही कोरड्या ब्रशने. म्हणजे ब्रश रंगात बुडवायचा, मग फडक्यावर इतका पुसायचा की त्यावर काहीच उरलं नाही असं वाटावं, आणि मग त्या 'काहीच नाही'ने दगडांच्या कडांवरून हलका हात मारायचा. खाचांतला काळोख जागेवर राहतो, कडा उजळतात, आणि बघता बघता फोमचा दगड होतो. खिडकीखाली पावसाच्या पाण्याचे ओघळ काढले होते. उत्तरेच्या भिंतीवर शेवाळ. सगळ्यावरून खडूची पूड ब्रशने झटकली होती, धूळ म्हणून.

अशा अवस्थेत ते घर टेबलावर असताना नाना आले.

नाना आयुष्यभर बांधकामांवर सुपरवायझर होते. आता हाताखाली बांधकाम नाही, म्हणून ते दिसेल त्या भिंतीला बोटाने ठोकून बघतात. आमच्या घराच्या सगळ्या भिंती ठोकून झाल्या आहेत, निकाल चांगला नाही. त्या दिवशी ते आले होते वर्तमानपत्र परत करायला.

"हे कुणाचं काम?"

"माझं."

"आणि कंत्राटदार कुठे पळाला?"

मी हसले. नाना हसले नाहीत. कपाळावरचा चष्मा नाकावर आला. टेबलाला एक प्रदक्षिणा झाली. मग गुडघ्यावर हात ठेवून, एक डोळा मिटून त्यांनी भिंत कोपऱ्यातून न्याहाळली.

"ओळंब्यात नाही ही."

"नाना, ती कोसळतेय."

"कोसळतेय ते दिसतंय गं मला. का कोसळतेय ते विचारतोय."

"तोफगोळा लागला."

"कुठून आला?"

मी भगदाडासमोरची दिशा दाखवली.

"मग मलबा आत पडायला हवा. तुझा बाहेर पडलाय."

"आतही आहे," असं म्हणून मी वरचा मजला उचलला. आत दगड होते, मोडकी खुर्चीही होती. नानांनी त्यातलं काहीएक पाहिलं नाही. ते माझ्या हातातल्या मजल्याकडे बघत होते.

"हा सुटा आहे?"

"हो. आत माणसं ठेवता यायला हवीत ना."

"मजला सुटा," नाना स्वतःशीच म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. मला वाटलं पाणी द्यावं. पण तेवढ्यात त्यांनी स्वतःला सावरलं.

"लिंटेल कुठाय?"

मी खिडकीवरची तुळई दाखवली. काडेपेटीतली काडी, गूल कापलेली, पातळ काळपट रंगाने जुनाट केलेली. माझ्या मते घरातला सगळ्यात देखणा भाग.

"ही काडी आहे."

"त्या मापात चांगली जाड तुळई आहे, नाना."

"काडीवर एवढी दगडी भिंत पेलणार?"

"भिंत फोमची आहे."

"मग काडी तरी कशाला हवी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री अंथरुणातही शोधलं, सापडलं नाही.

पुढे संडास आला. दुमजली घर आणि संडास नाही, हे नानांना पटेना. मी म्हटलं, असेल पूर्वी, पडला असेल. त्यावर ते म्हणाले, सगळं पडतं, पण संडासाची टाकी कुठे जात नाही; टाकी दाखव. टाकी मी दाखवू शकले नाही. मग त्यांची नजर जिन्याकडे वळली.

"ही पायरी केवढी रुंद केलीस! जिना आहे का स्टेज?"

"माणसं चकतीवर उभी असतात, नाना. २५ मिलिमीटरची चकती पायरीवर मावायला हवी."

मी एक सैनिक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, चकती नखाने उचकटून पाहिली.

"ही पायाला कायमची?"

"कायमची."

नाना बराच वेळ त्या सैनिकाकडे बघत राहिले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीशी कणव आली.

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "संडासात जाणार तरी कसा."

हा मुद्दा निकालात निघाल्यावर त्यांनी मला एक सूचना केली: एवढं केलंयस तर वरून सोनेरी स्प्रे मार, झळाळी येईल. मी सांगितलं की स्प्रेच्या डब्यात जे द्रावण असतं ते फोम खातं; उघड्या फोमवर मारलं तर भिंतीला खड्डे पडतात. "मग असलं मटेरियल वापरतेस कशाला?" असं विचारून त्यांनी शेवटचा प्रश्न काढला. तो येणार हे मला माहीत होतं. तो येतोच.

"ते सगळं ठीक. पण याचा उपयोग काय?"

आता इथे मला जरा बोलू द्या. दिवसभर सोफ्यावर पडून मॅच बघणाऱ्याला कुणी उपयोग विचारत नाही. फोनवर अंगठा सरकवत रात्रीचे दोन वाजवणाऱ्याला विचारत नाही. माणूस नुसता बसला तर तो दमलेला असतो. पण त्याच वेळात हातात ब्लेड घेऊन त्याने छोटी खिडकी कापली की ताबडतोब हिशेब मागायला लोक हजर. विकतेस का? ऑर्डर घेतेस का? मुलांसाठी वर्ग का नाही काढत? मी विकत नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, जणू त्याचंच नुकसान झालं.

आणि उपयोगाची गोष्ट काढलीच आहे तर ऐका. प्रशियात, म्हणजे जुन्या एका जर्मन राज्यात, फॉन राइसविट्झ नावाचा एक उमराव होता. त्याने वाळूच्या पटावर लढाईचा खेळ बसवला होता आणि राजा तिसरा फ्रीडरिक विल्हेल्म याला तो बघायचा होता. आता राजापुढे वाळू कशी नेणार? म्हणून या गृहस्थाने १८१२ मध्ये एक भलंथोरलं लाकडी टेबल सादर केलं, त्याला खण, आणि वर मांडायला रंगवलेल्या फरशा. डोंगराच्या, नदीच्या, वस्तीच्या, हव्या तशा जुळवून नवा मुलूख तयार करायचा. पुढे त्याच्या मुलाने १८२४ च्या सुमारास तोच खेळ १:८००० प्रमाणाच्या कागदी नकाशावर आणला, आणि तो प्रशियाच्या सैन्याने उचलला, अधिकारी घडवायला वापरला. म्हणजे खेळाचा उपयोग झाला तो डोंगर सपाट केल्यावर. बापाने रंगवलेल्या टेकड्या राजवाड्यात राहिल्या. मला त्या बापाबद्दल फार वाटतं. त्याला कोणी विचारलं असेल का, झाडं कशाला एवढी, नुसतं 'जंगल' लिहिलं असतं तरी चाललं असतं?

हे सगळं मी नानांना सांगितलं नाही, कारण तोवर त्यांनी घर उचललं होतं.

"उपयोग सापडला. पोराला 'घरांचे प्रकार' असा प्रकल्प आहे, उद्या द्यायचाय. संध्याकाळी आणून देतो."

नाना मागत नाहीत, कळवतात. "खालून धरा, खालून!" असं मी ओरडेपर्यंत ते धुराड्याला धरून जिना उतरलेसुद्धा होते.

संध्याकाळ दुसऱ्या आठवड्यात उजाडली. घर परत घेऊन नातू स्वतः आला, सोबत वही होती. त्याला दोष नाही, पोर गुणी आहे. त्याने मला रीतसर अहवाल दिला: बाई म्हणाल्या, कच्चं घर, पक्कं घर, तंबू, झोपडी, हाउसबोट हे प्रकार पुस्तकात आहेत, पडकं घर हा प्रकार नाही. शेजारच्या बाकावरच्याला ९ मिळाले.

"त्याच्या घरात काय होतं?"

"कुंपण होतं. आणि धुराड्यातून कापूस."

कापूस! मी दगडागणिक तीन राखाडी रंग चढवले आणि नऊ गुण कापसाला. बरं, नीटनेटकेपणा हवा म्हणजे काय? ओघळ एका लयीत नाहीत असं म्हणायचंय, की शेवाळाच्या कडा सरळ नाहीत? स्वच्छ भिंत कुणीही रंगवतं. घाण रंगवायला हात लागतो. पण हे बाईंना जाऊन कोण सांगणार, आणि कोण म्हणून सांगणार? पालक म्हणून जाता येत नाही. बिल्डर म्हणून जावं लागेल.

"पण ताई, मी सगळं दुरुस्त करून दिलंय," नातू म्हणाला.

दिलं होतं खरंच. भगदाड हिरव्या क्लेने लिंपलं होतं, अंगठ्याचे ठसे स्पष्ट दिसत होते. खिडक्यांना आतून कागद चिकटवून त्यावर स्केचपेनने गुलाबी पडदे काढले होते, चुण्यांसकट, मधोमध गाठ. दाराशेजारी वेल होता. आजींनी घर 'फार मळलंय' म्हणून ओल्या फडक्याने पुसून दिलं होतं, त्यामुळे खडूची धूळ गेली. आणि दर्शनी भिंतीवर नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक लिहिलेलं लेबल. मी ते अगदी हळू, एका कोपऱ्यातून सोडवायला घेतलं. लेबल आलं, त्याच्याबरोबर पांढरा, फिका राखाडी, गडद राखाडी आणि काळा असे सगळे हात आले, आणि खालून चौकोनी, गुलाबी, नवाकोरा फोम माझ्याकडे बघू लागला.

दुसऱ्याच दिवशी आमचा खेळ होता. हाताशी एक रात्र. भिंतीचा चौकोन भरला. वेलावर राखाडी फासला. स्केचपेनची शाई पाण्याच्या रंगातून वर येते, त्यामुळे वेल पुन्हा उगवला. दुसरा हात दिला, पुन्हा उगवला, यावेळी जरा जांभळा. क्ले काढायला टूथपिक घातली तर तिच्याबरोबर फुटक्या कडेचे कण निघायला लागले, म्हणून थांबले. तो क्ले कधी वाळतही नाही, त्यावर रंग धरत नाही. कागद खिडक्यांना इतक्या निष्ठेने चिकटवला होता की मीही माझ्या कामात एवढा फेविकॉल वापरत नाही.

खेळात मी माझा नेमबाज मुद्दाम त्याच घरात ठेवला. ते भगदाड मुळात त्याच्यासाठी होतं: उंची त्याच्या खांद्याएवढी, पुढे मलब्याचा आडोसा, समोर पूल. पूल ओलांडणारा प्रत्येक जण त्याच्या टप्प्यात. मित्राची तुकडी पुलावर आली आणि मी फासे उचलले.

"थांब," मित्र म्हणाला. खाली वाकून त्याने नेमबाजाच्या डोळ्याच्या पातळीवरून पाहिलं. "दिसत नाही. भिंत सलग आहे."

"तिथे भगदाड आहे."

"कुठे?"

"होतं."

"होतं चालत नाही. टेबलावर आहे ते धरायचं, हा तुझाच नियम."

"मग खिडकीतून."

"खिडकीला पडदे आहेत."

त्याची अख्खी तुकडी पूल ओलांडून, घराला वळसा घालून, आरामात माझ्या छावणीत शिरली. माझा नेमबाज डाव संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा होता, पायाला चकती. सामान आवरताना मित्राने ते घर हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, फिरवून फिरवून बघितलं.

"तुझा हात सुधारलाय हं," तो म्हणाला. "पडद्याच्या चुण्या काय सुरेख काढल्यास!"