‘आरडी सर्व्हिस सापडली नाही’ म्हणजे सॉफ्टवेअर उडालं असं नव्हे

आरडी सर्व्हिस म्हणजे आधारसाठी अंगठा घेणारं उपकरण आणि पोर्टल यांना जोडणारं, कॉम्प्युटरमध्ये मागे चालणारं सॉफ्टवेअर. सेवा केंद्रचालकांच्या ग्रुपवर त्याबद्दल फिरणारा सल्ला असा: “पोर्टलवर ‘आरडी सर्व्हिस नॉट फाउंड’ आलं की समजा सॉफ्टवेअर उडालं. वेबसाइट कॉम्प्युटरमधली यादी बघूनच सांगते. काढा आणि पुन्हा टाका.” यवतमाळ-गडचिरोलीकडे अंगठा लावायला माणसं दारात ताटकळत असताना आणि नेट रखडत असताना हे ऐकणं महागात पडतं.

“यादी बघून सांगते” हे साफ चूक. ब्राउझर कोणत्याही पानाला सी ड्राइव्ह, रजिस्ट्री किंवा प्रोग्रामची यादी वाचू देत नाही. वाचू दिली असती, तर कुठलीही भुरटी साइट तुमचा अँटीव्हायरस कोणता ते पाहून गेली असती. पान फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे तुमच्याच मशीनवर, १११०० ते १११२० हे पोर्ट, म्हणजे सॉफ्टवेअरचे क्रमांक दिलेले दरवाजे, ठोठावतं. ‘रेडी’ आलं की काम सुरू. ‘नॉटरेडी’ आलं तर सर्व्हिस जागी आहे, अडलंय उपकरणापाशी. आधी केबल आणि यूएसबी पोर्ट बदलून बघा. आतून कोणी ओ दिलीच नाही, तर पान ‘सापडली नाही’ लिहून मोकळं होतं. खरं तर त्याने ‘उत्तर आलं नाही’ लिहायला हवं. पोर्टल बनवणाऱ्यांचा हा आळस आहे.

“सॉफ्टवेअर उडालं”? बहुधा ते जागेवरच असतं. लाईन गेली, आली, विंडोज उठलं, सर्व्हिस उठली नाही. विंडोज-आर दाबून services.msc टाइप करा, उघडलेल्या सर्व्हिसेसच्या यादीत उपकरणाच्या कंपनीचं नाव शोधा. ‘रनिंग’ नसेल तर ‘स्टार्ट’ करा आणि स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ ठेवा.

दुसरं कारण नवं आहे. २०२५ च्या क्रोम ब्राउझरच्या १४२ व्या आवृत्तीपासून पानाला लोकल नेटवर्ककडे, त्यात स्वतःच्या मशीनकडेही, जायला तुमची परवानगी लागते. घाईत ‘ब्लॉक’ दाबलं गेलं की दहादा इन्स्टॉल करूनही चित्र तेच, कारण नकार ब्राउझरमध्ये साठलेला असतो. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, ब्लॉक झालेली ही परवानगी ‘अलाउ’ करा, पान रिफ्रेश करा.

“पुन्हा टाका” हे सर्व्हिसेसच्या यादीत नावच नसेल तेव्हा. आणि तेही उपकरणाच्या कंपनीच्या साइटवरून घ्या, ग्रुपवर आलेल्या गूगल ड्राइव्हच्या लिंकवरून नको.