एका आदेशाला दोन सेकंद

एखाद्या नागरिकाचा फोन ऐकायचा असेल, तर केंद्रात गृहसचिवांचा आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो आणि वाढवत १८० दिवसांपर्यंत नेता येतो. आदेश योग्य होता का, हे कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालील आढावा समिती तपासते आणि तिचे सदस्यही सचिवच असतात. आदेश देण्यापासून तो तपासण्यापर्यंत न्यायाधीश कुठेच येत नाही.

विदा (डेटा) संरक्षणासाठी नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८च्या अहवालात नोंदवले आहे की आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि प्रत्येक बैठकीत तिच्यापुढे १५,००० ते १८,००० आदेश असतात. मी हिशेब मांडून पाहिला. सदस्य जागचे न उठता सलग आठ तास बसले, तरी एका आदेशाच्या वाट्याला पुरते दोन सेकंदही येत नाहीत. तेवढ्या वेळात कागदावरचे नावसुद्धा धड वाचून होत नाही.

पाळत कोणावर आहे, हे गुप्तच राहिले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कट रचणाऱ्याला आधी सूचना देऊन कोणताही तपास होत नाही. पण वर्षभरात किती आदेश निघाले आणि त्यांतले किती रद्द झाले, हे जाहीर केल्याने कोणत्या शत्रूचे फावणार आहे? ब्रिटनमध्ये २०१६च्या कायद्यानुसार मंत्र्याच्या आदेशाला न्यायिक आयुक्ताची मंजुरी लागते आणि दरवर्षी आकडेवारीसह अहवाल प्रसिद्ध होतो. तिथल्या गुप्तचर संस्थांचे काम त्यामुळे थांबलेले नाही.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे पेगासस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात, २०२१ मध्ये, राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले म्हणून सरकारला दर वेळी मोकळीक मिळणार नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने बजावले. मला सर्वाधिक खटकते ते त्यानंतरचे: २०२३च्या विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीच्या कलमातून व्यापक जनहितासाठी ती माहिती देण्याची मुभा काढून टाकली. जनहित मोठे असेल तर माहिती देऊ देणारे त्याच कायद्याचे कलम ८(२) शिल्लक आहे, हे खरे. तरीही नागरिकासाठी मिळवलेला खासगीपणा आता अधिकाऱ्याच्या ढालीसारखा वापरला जाईल, ही भीती मला रास्त वाटते.

ज्याच्यावर १८० दिवस पाळत ठेवून काहीच सापडले नाही, त्याला ते कधीच कळत नाही आणि म्हणून तो दादही मागू शकत नाही. न्यायाधीशाच्या मंजुरीइतकीच मला ही तरतूद निकडीची वाटते, की तपासाला धोका उरला नसेल तेव्हा त्या माणसाला लेखी कळवले जावे.