कोलिंदाबाईंचं न विकलेलं विमान

२०१८च्या फुटबॉल विश्वचषकापासून फिरणारा एक मेसेज परवा मामांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा टाकला. क्रोएशियाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष कोलिंदा ग्राबार-कितारोविच यांनी म्हणे राष्ट्राध्यक्षांचं विमान आणि ३५ मर्सिडीज विकून पैसे तिजोरीत भरले, स्वतःचा नि मंत्र्यांचा पगार कापला, किमान वेतन वाढवलं, नाणेनिधीचं कर्ज धुडकावलं आणि सामना बघायला साध्या विमानाने, स्वखर्चाने गेल्या. खाली हात जोडलेले चार इमोजी.

मामा, एकेक घेऊ या.

राष्ट्राध्यक्षांच्या मालकीचं विमानच नव्हतं, विकणार काय? चॅलेंजर ६०४ होतं ते सरकारचं, आणि ते विकलं गेलं नाही. ३५ मर्सिडीजच्या विक्रीचा मागमूसही तथ्य तपासणाऱ्यांना लागला नाही. उलट गाड्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बाई वॉशिंग्टनमध्ये राजदूत असताना त्यांच्या नवऱ्याने दूतावासाची गाडी खासगी कामाला वापरली म्हणून चौकशी लागली होती, आणि त्याचा खर्च बाईंना भरावा लागला होता.

पगार, किमान वेतन, कर्ज हे तिन्ही मुद्दे एकाच ठिकाणी अडतात. १९९९च्या डिसेंबरमध्ये क्रोएशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष तुजमान गेले. त्यांच्या हाती एकवटलेली सत्ता पाहून शहाणे झालेल्या क्रोएशियाने पुढच्याच वर्षी राज्यघटना बदलली आणि कारभार संसदेला जबाबदार असलेल्या पंतप्रधानाकडे दिला. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेतून निवडून येतो, सैन्याचा सरसेनापती असतो, परराष्ट्र धोरणात सरकारच्या जोडीने बोलतो. तिजोरीची किल्ली मात्र त्याच्याकडे नसते. पगाराचे कायदे 'साबोर' ही संसद करते आणि २०१८ साली अर्थसंकल्प होता पंतप्रधान आंद्रेय प्लेन्कोविच यांच्या सरकारच्या हातात. कोलिंदाबाईंनी मंत्र्यांचा पगार कापणं म्हणजे आपल्या सोसायटीच्या अध्यक्षांनी शेजारच्या सोसायटीचा मेंटेनन्स कमी करणं.

सामन्याचं मात्र बरंचसं खरं आहे. १ जुलैला रशियातल्या निझ्नी नोव्गोरोदला डेन्मार्कविरुद्धच्या सामन्यात त्या लाल-पांढऱ्या चौकड्यांचा शर्ट घालून प्रेक्षकांत बसल्या होत्या. प्रवासी विमानाने आणि स्वखर्चाने आल्याच्या बातम्याही होत्या. पण पुढच्याच सामन्याला, सोचीत, त्या मान्यवरांच्या कक्षात रशियाचे तेव्हाचे पंतप्रधान मेदवेदेव यांच्यासोबत होत्या. उपांत्य सामना हुकला, कारण ब्रसेल्सला नाटोची शिखर परिषद होती. तिथे त्यांनी ट्रम्पना क्रोएशियाची जर्सी भेट दिली. (याच मेसेजसोबत फिरणारे बिकिनीतले फोटो एका अमेरिकन मॉडेलचे आहेत, मामा. ते तरी पुढे पाठवू नका.)

या फॉरवर्डवर माझा खरा राग वेगळाच आहे. त्यात बाईंचं राजकारणच नाही. रिएका या बंदराच्या शहराजवळच्या गावात वाढलेली, खाटकाचं दुकान चालवणाऱ्या घरातली मुलगी. शाळकरी वयात अमेरिकेत शिकून आली, १९९३ साली उजव्या विचारांच्या एचडीझेड पक्षात गेली, परराष्ट्रमंत्री झाली, मग राजदूत, मग नाटोची सहायक सरचिटणीस. २०१५ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष इव्हो योसिपोविच यांना जेमतेम ३२ हजार मतांनी हरवून ती देशाची पहिली महिला राष्ट्राध्यक्ष झाली. झाग्रेबमधलं राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय मुळात जुन्या युगोस्लाव्हियाचा साम्यवादी सत्ताधीश टिटो याच्यासाठी बांधलेल्या वास्तूत आहे. तिथून बाईंनी टिटोचाच अर्धपुतळा हलवला. पोलंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुदा यांच्यासोबत बाल्टिक, एड्रिअ‍ॅटिक आणि काळ्या समुद्रालगतच्या देशांची मोट बांधली. हे त्यांचं खरं काम, आणि ते त्यांच्या अधिकारातलं होतं.

टीकाही तशीच कडक झाली. २०१६ साली कॅनडात त्यांनी स्थलांतरितांसोबत ज्या झेंड्यामागे फोटो काढला, त्यावरचं चिन्ह दुसऱ्या महायुद्धातल्या, हिटलरच्या साथीदार उस्ताशा राजवटीची आठवण करून देणारं होतं. दोन वर्षांनी अर्जेंटिनात त्या म्हणाल्या की दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक क्रोएशियनांना तिथे स्वातंत्र्य लाभलं. उस्ताशांचे पुढारीही पळून तिथेच गेले होते, हे क्रोएशियात सगळ्यांना ठाऊक आहे.

तिथल्या मतदारांनी बाईंना तोललं ते यावर. ५ जानेवारी २०२० रोजी माजी पंतप्रधान झोरान मिलानोविच यांनी त्यांना हरवलं; बाईंना ४७ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. मामांच्या मेसेजमध्ये त्या अजून राष्ट्राध्यक्षच आहेत.