आजीचं बोट आता ठेवायचं कुठं?

राजेहो, आज १६ डिसेंबर, विजय दिवस. कापसाचे चुकारे घ्यायला गावात गेलो तर म्हटलं स्मारकावर फूल वाहून यावं. जाऊन पाहतो तर काळ्या दगडावर चकचकीत ऑइलपेंट! ओट्याला बाथरूमच्या टाइल्स, आणि टाकीनं कोरलेली दोन्ही नावं पेंटखाली बुजलेली. नवीन बोर्ड लागणार म्हणे, फ्लेक्सचा.

त्यातलं दुसरं नाव माझ्या आजीच्या भावाचं. ७१ च्या लढाईत गेला. दगड उभा राहिला ७२ च्या दुष्काळात, लोक खडी फोडायला जात होते तेव्हा, चार-चार आण्यांची वर्गणी करून. आजीला अक्षर येत नव्हतं, पण दर १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की ती पोरं पांगेपर्यंत थांबायची, मग दगडाशी बसून बोट फिरवायची. वरच्या ओळीत नाईक, खालच्या ओळीत शिपाई, त्या 'शि'च्या वेलांटीत बोट अडकलं की म्हणायची, "अठून माया भाऊ सुरू होते."

आता ती वेलांटी सापडतच नाही हो. मी अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाहिलं, नुसता गुळगुळीत लागते.

मान्य, ओटा उखडला होता, बकऱ्या बसायच्या, आपणही कोणी वर्षानुवर्षं फिरकलो नाही. निधी आणला तो चांगलाच केला. पण दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारकावर २५ हजारांवर जवानांची नावं ग्रॅनाइटमध्ये कोरली, एकेकाचं वेगळं. तिथं कोणी ब्रश फिरवून पाहील का? मग खेड्यातल्या दगडाची किंमत काय कमी आहे? आणि पेंटनं दगड टिकत नाही, आत मुरलेली ओल कोंडते आणि वरचे पापुद्रे अक्षरासकट निघतात.

रंगवणारा पोरगा म्हणे, "भाऊ, ग्राइंडर मारून काढून देतो." डोकंच फिरलं माझं, लय बोललो त्याला. बिचारा गप्प झाला. नंतर वाईट वाटलं, त्याला सांगितलं ते त्यानं केलं, त्या दगडात कोणाचा भाऊ आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मग मीच त्याला आजीची वेलांटी सांगितली. तो हात पुसून दगडावर बोट फिरवून शोधत होता, बराच वेळ.

उद्या सकाळी सातला आम्ही दोघं जातोय. पेंट रिमूव्हर, बांबूच्या काड्या, मऊ ब्रश आणि दोन बकेट पाणी. सुरुवात 'शि'पासून.